घरातील वायफायचा विस्तार आणि ध्वनियंत्रणेची निगा

२०२० साली महामारीच्या काळात चर्चची दारे बंद झाली आणि पवित्र मिस्सा मोबाईल व टीव्हीच्या पडद्यावरून घराघरांत पोहोचू लागली. पुढे दारे उघडली, बाके पुन्हा भरली. परंतु अंथरुणाला खिळलेले आजी-आजोबा, दीर्घ आजारातील रुग्ण आणि त्यांची शुश्रूषा करणारे कुटुंबीय यांच्यासाठी ही सोय अनेक धर्मग्रामांत चालू राहिली. आखाती देशांत वा अन्यत्र नोकरीनिमित्त गेलेली मुलेही घरच्या अंत्यविधीत अशाच मार्गाने सहभागी होताना आपण पाहतो. त्यामुळे घरातील वायफाय ही केवळ करमणुकीची बाब राहिलेली नाही.

मात्र बहुतेक घरांत एक अडचण सारखीच दिसते. इंटरनेटची तार दर्शनी खोलीत येते, राऊटर टीव्हीजवळ बसतो आणि रुग्णाची खोली नेमकी मागच्या बाजूस वा वरच्या मजल्यावर असते. तेथपर्यंत लहरी पोहोचत नाहीत. मग बाजारातून एखादा रिपीटर आणला जातो. आजीच्या खोलीत चित्र दिसू लागते. पण त्याच आठवड्यात गायकवृंदाच्या सरावात कॉर्डलेस माईक मध्येच गप्प होतो, ब्लूटूथ स्पीकर अडखळतो आणि कीबोर्डच्या ॲम्प्लिफायरमधून टिकटिक ऐकू येते. एकाची सोय करताना दुसऱ्याचा आवाज हरवतो. हे टाळता येते, आणि त्यासाठी महागडी खरेदी करावी लागतेच असे नाही. त्या दृष्टीने उपयुक्त माहिती आम्ही येथे देत आहोत.

एकाच रस्त्यावर सारे

वायफाय प्रामुख्याने दोन लहरीपट्ट्यांवर चालते: २.४ गिगाहर्ट्झ आणि ५ गिगाहर्ट्झ. यांपैकी पहिली पट्टी, म्हणजे २४०० ते २४८३.५ मेगाहर्ट्झ, भारतात जानेवारी २००५ मध्ये परवानामुक्त झाली. परवाना लागत नाही म्हटल्यावर तेथे गर्दी होणे स्वाभाविकच होते. वायफाय, ब्लूटूथ, बिनतारी माऊस, अनेक स्वस्त डिजिटल कॉर्डलेस माईक, काही श्रवणयंत्रे, ही सर्व मंडळी याच पट्टीत वावरतात. स्वयंपाकघरातील मायक्रोवेव्ह ओव्हनही सुमारे २४५० मेगाहर्ट्झवर चालतो आणि त्याच्या दारातून थोड्या लहरी बाहेर झिरपतातच. ५ गिगाहर्ट्झची पट्टी मात्र बरीच रुंद आहे. २०१८ च्या ऑक्टोबरमध्ये केंद्र सरकारने तिचा मोठा भाग परवानामुक्त केला. तेथे ब्लूटूथ नाही, मायक्रोवेव्ह नाही आणि घरगुती माईकही क्वचितच आढळतात.

२.४ गिगाहर्ट्झच्या पट्टीत वायफायची तेरा चॅनेल्स आहेत खरी, पण ती एकमेकांवर चढलेली आहेत. दोन शेजारच्या चॅनेल्समध्ये केवळ ५ मेगाहर्ट्झचे अंतर असते आणि वायफायला किमान २० मेगाहर्ट्झची रुंदी लागते. म्हणून एकमेकांना धक्का न लावणारी अशी तीनच चॅनेल्स सहसा वापरली जातात: १, ६ आणि ११. राऊटरमध्ये ४० मेगाहर्ट्झ रुंदी निवडली, तर एकच राऊटर निम्मी पट्टी व्यापून बसतो. ब्लूटूथ त्यातल्या त्यात हुशार आहे. ते आपली पट्टी ७९ लहान भागांत वाटून घेते आणि सेकंदाला १६०० वेळा जागा बदलते. २००३ च्या सुधारणेपासून ते गजबजलेले भाग ओळखून टाळतेही. परंतु टाळण्यासाठी कोठेतरी मोकळी जागा शिल्लक असावी लागते. दोन राऊटर, एक रिपीटर आणि शेजाऱ्यांची वायफाय यांनी मिळून सारी पट्टी भरून टाकली, तर या हुशारीचा उपयोग राहत नाही.

यूएचएफ पट्टीवरील माईकची गोष्ट निराळी आहे. चर्चमध्ये आणि चांगल्या गायकवृंदांकडे बहुधा हेच असतात. ते याहून पुष्कळ खालच्या, काही शे मेगाहर्ट्झच्या लहरींवर चालत असल्याने वायफायची झळ त्यांना बसत नाही. आपला माईक कोणत्या पट्टीचा आहे हे रिसीव्हरच्या मागील बाजूस छापलेले असते. ते आधी वाचून घ्यावे. तेथे २.४ असा उल्लेख असेल, तरच पुढील चिंता करावयाची.

दोष वायफायचा की अन्य कोणाचा?

आवाजात बिघाड झाला की अलीकडे पहिला संशय राऊटरवर जातो. आमच्या मते निम्म्याहून अधिक वेळा तो निर्दोष असतो, म्हणून काही खर्च करण्यापूर्वी आवाज नीट ऐकावा.

स्पीकरमधून सतत, एका सुरात गुणगुण येत असेल, तर ती विजेची आहे. आपली वीज ५० हर्ट्झची असल्याने ही गुणगुण ५० वा १०० हर्ट्झची असते. मिक्सर एका बोर्डावर, ॲम्प्लिफायर दुसऱ्या बोर्डावर आणि दोहोंना जोडणारी ध्वनीची तार मध्ये, अशा रचनेत अर्थिंगचे वेटोळे तयार होऊन ती उद्भवते. सर्व ध्वनियंत्रे एकाच बोर्डावर घेतल्यास बहुधा ती नाहीशी होते. येथे एक कळकळीची सूचना: गुणगुण थांबावी म्हणून प्लगची तिसरी, अर्थिंगची पिन काढून टाकणे अथवा दोन पिनांचा ॲडॉप्टर लावणे हा प्रकार कोणीही करू नये. गुणगुण थांबते हे खरे, पण उपकरणात दोष उद्भवल्यास माईक हातात धरणाऱ्याच्या शरीरातून वीज वाहू शकते. ओल्या पावसाळ्यात तर हा धोका अधिकच. ध्वनीच्या तारेत विलगीकरण ट्रान्सफॉर्मर बसवणे हा त्यावरील योग्य उपाय होय.

टर्र... टर्र-टर्र असा ठेक्यातला आवाज येऊन काही क्षणांत फोन वाजला, तर तो मोबाईलचा प्रताप. जुन्या टू-जी पद्धतीत फोन सेकंदाला सुमारे २१७ वेळा लहरींचा झटका देतो आणि तो ॲम्प्लिफायरमध्ये शिरतो. फोन मिक्सरपासून दूर ठेवला की काम झाले.

सेकंदाला दहाच्या आसपास अशी बारीक, नियमित टिकटिक मात्र वायफायची असू शकते. प्रत्येक राऊटर आपले नाव सुमारे एक दशांश सेकंदाला एकदा जाहीर करत असतो. कीबोर्ड, गिटारची तार किंवा साधा मिक्सर त्याच्या अगदी निकट असेल, तर ही हाक आवाजात उतरते. आणि चौथा प्रकार म्हणजे आवाज स्वच्छ असणे, पण मध्येच तुटणे. शब्द अर्धवट गळतात, पुन्हा येतात. हे २.४ गिगाहर्ट्झच्या माईकचे वा ब्लूटूथचे लक्षण असून त्यामागे गर्दी हेच कारण असते.

खात्री करण्याचा मार्ग सोपा आहे. ध्वनियंत्रणा चालू ठेवून राऊटरचे केवळ वायफाय सेटिंगमधून बंद करावे. बिघाड थांबला, तर दोष लहरींचा. न थांबल्यास राऊटरचा ॲडॉप्टर भिंतीतून काढून पाहावा. आता थांबला, तर दोष लहरींचा नसून स्वस्त ॲडॉप्टरचा. तो बदलावा किंवा निदान ॲम्प्लिफायरच्या बोर्डावरून अन्यत्र हलवावा. दोन्ही करूनही बिघाड कायम राहिला, तर वायफायला सोडून इतरत्र शोध घ्यावा. एलईडी दिव्यांचे चोक, पंख्याचे इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर आणि चौकोनी लहरींचा इन्व्हर्टर हे नेहमीचे संशयित आहेत.

आधी जागा, मग खरेदी

मिस्सेच्या उत्तम प्रतीच्या प्रक्षेपणास सेकंदाला साधारण ५ मेगाबिट पुरेसे होतात. आज घरोघरी असलेल्या फायबर जोडणीचा वेग याच्या कितीतरी पट असतो. म्हणजे अडचण योजनेच्या वेगात नसून शेवटच्या दोन भिंतींत आहे. महागडी योजना घेतल्याने रुग्णाच्या खोलीत काहीही फरक पडत नाही.

लहरींना अडवणाऱ्या वस्तू घराघरांत निरनिराळ्या. जुन्या कौलारू घरांच्या जाड दगडी किंवा विटांच्या भिंती, नव्या बंगल्यांचे सळ्या भरलेले स्लॅब, आरसा लावलेले लोखंडी कपाट, फ्रीज, पाण्याची टाकी, गच्चीवरील पत्रा. धातू लहरी परतवतो, पाणी त्या शोषून घेते. ५ गिगाहर्ट्झच्या लहरी भिंतींपुढे अधिक लवकर थकतात. या पट्टीचे ते वैगुण्य असले, तरी आपल्या दृष्टीने तो गुणही आहे, कारण शेजाऱ्याच्या ५ गिगाहर्ट्झच्या लहरी आपल्याकडे फारशा येत नाहीत.

पहिला उपाय बिनखर्चाचा आहे. राऊटर टीव्हीच्या मागून, कपाटातून वा जमिनीवरून उचलून घराच्या मध्यभागी, छातीच्या उंचीवर किंवा त्याहून वर ठेवावा. ध्वनियंत्रणेपासून तो निदान दोन-तीन मीटर दूर असावा. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की लहरींची शक्ती एक चतुर्थांश होते. एक हात अंतरावरचा राऊटर चार हातांवर नेला, तर शक्ती सोळाव्या हिश्श्यावर येते. माईकच्या रिसीव्हरसाठी हे अंतर कोणत्याही यंत्रापेक्षा अधिक मोलाचे ठरते. फायबरची बारीक तार आत वाढवून देण्यास जोडणी देणाऱ्या तंत्रज्ञाला सांगता येते. ती काचेची असल्याने कोपऱ्यावर काटकोनात दुमडू नये.

रिपीटर, मेश आणि साधी तार

जागा बदलूनही मागची खोली कोरडीच राहिली, तर दुसरे केंद्र हवे. येथे बाजारात तीन-चार मार्ग सुचवले जातात.

साधा रिपीटर सर्वांत स्वस्त आणि ध्वनियंत्रणेच्या दृष्टीने सर्वांत त्रासदायक. तो प्रत्येक संदेश ऐकतो आणि त्याच चॅनेलवर पुन्हा बोलतो. परिणामी वेग जवळपास निम्मा होतो आणि हवेतील गर्दी दुप्पट. एकाच पट्टीचा, २.४ गिगाहर्ट्झचा रिपीटर गायकवृंदाच्या घरी आणूच नये असे आमचे स्पष्ट मत आहे.

घराच्या विजेच्या तारांतूनच इंटरनेट नेणारे ॲडॉप्टरही मिळतात. ते २ मेगाहर्ट्झपासून वरच्या लहरी विजेच्या तारांत सोडतात. त्या तारांना कवच नसल्याने संपूर्ण घर एक अँटेना बनते. संवेदनशील ध्वनियंत्रे त्याच बोर्डावर असतील तर खरखर वाढू शकते. शिवाय तीन फेजच्या घरात दोन खोल्या वेगळ्या फेजवर असल्यास जोडणी क्षीण होते. संगीत असलेल्या घरासाठी हा मार्ग आम्ही सुचवणार नाही.

मेश प्रकारची यंत्रे यापेक्षा बरी. चांगल्या संचात यंत्रांचा आपसातील संवाद ५ गिगाहर्ट्झवर चालतो. परंतु खरेदीपूर्वी दुकानदाराला दोन प्रश्न अवश्य विचारावेत: चॅनेल आपल्या हाताने निवडता येते का, आणि एखाद्या यंत्राची २.४ गिगाहर्ट्झ पट्टी स्वतंत्रपणे बंद करता येते का? अनेक संचांत ही मुभा नसते. सारे काही आपोआप होते अशी त्यांची जाहिरात असते, आणि माईक असलेल्या घरात हे आपोआप होणेच नडते.

सर्वांत विश्वसनीय मार्ग जुनाच आहे: तार. राऊटरपासून मागच्या खोलीपर्यंत कॅट-सिक्स तार न्यावी आणि तेथे दुसरे केंद्र लावावे. ही तार १०० मीटरपर्यंत उत्तम चालते. घर त्यापेक्षा लांब असण्याचा प्रश्नच नाही. कपाटात पडलेला जुना राऊटरही दुसऱ्या केंद्राचे काम करतो. त्याचे डीएचसीपी बंद करावे, त्याला मुख्य राऊटरपेक्षा वेगळा पत्ता द्यावा आणि दोन्हीकडची तार लॅन लिहिलेल्या छिद्रातच लावावी. वायफायचे नाव व परवलीचा शब्द तोच ठेवल्यास फोन घरात फिरताना बहुधा आपोआप एका केंद्रावरून दुसऱ्यावर जातो. राऊटर फारच जुना असून त्यात ५ गिगाहर्ट्झ नसेल, तर नवा घेणे बरे. टीव्हीला तर थेट तारच जोडावी. तेवढ्याने हवेतील मोठा भार उतरतो.

तार घालताना दोन पथ्ये पाळावीत. ती विजेच्या तारेच्या शेजारून दूरवर नेऊ नये आणि ध्वनीची तार ओलांडायची झाल्यास काटकोनात ओलांडावी. साधी, कवच नसलेली तार घरासाठी योग्य आहे. तिच्या दोन्ही टोकांना उपकरणांतच छोटे ट्रान्सफॉर्मर असल्याने अर्थिंगचे वेटोळे तयार होत नाही. धातूचे कवच असलेली महागडी तार दोन यंत्रांची अर्थिंग एकमेकांस जोडून नको ती गुणगुण निर्माण करू शकते.

वाडीत दोन भावांची घरे शेजारी असतात आणि एकच जोडणी दोघे वापरतात, असे वसईकडे अनेक ठिकाणी दिसते. अशा वेळी एका घरातून दुसऱ्या घरात उघड्यावरून तांब्याची तार नेऊ नये. जवळपास वीज कोसळल्यास ती तार दोन्ही घरांतील यंत्रे जाळू शकते. तेथे फायबरच वापरावे. काचेतून वीज वाहत नाही.

चॅनेलची निवड

तांत्रिक पुस्तके सांगतात की दोन केंद्रे असल्यास एकास चॅनेल १ आणि दुसऱ्यास ११ द्यावे. केवळ वेगाचा विचार केला तर ते बरोबरच आहे. परंतु घरात २.४ गिगाहर्ट्झचा माईक किंवा श्रवणयंत्र असेल, तर आम्ही याच्या उलट सुचवतो. दोन्ही केंद्रांची २.४ पट्टी एकाच चॅनेलवर, समजा १ वर, २० मेगाहर्ट्झ रुंदीत ठेवावी आणि उरलेली जागा ध्वनीसाठी मोकळी सोडावी. किंवा सरावाच्या खोलीजवळील केंद्राची २.४ पट्टी बंदच करावी. फोन, टीव्ही व लॅपटॉप ५ गिगाहर्ट्झवर गेल्यानंतर २.४ वर फारसे ओझे उरत नाही. कोणते चॅनेल शेजाऱ्यांनी आधीच व्यापले आहे हे मोबाईलवरील मोफत वायफाय-तपासणी ॲपमध्ये दिसते. ते सायंकाळी, सारे घरी असताना पाहावे.

५ गिगाहर्ट्झमध्ये ३६ ते ४८ किंवा १४९ ते १६१ ही चॅनेल्स निवडावीत. मधली काही चॅनेल्स हवामान व अन्य रडारशी वाटून घेतलेली आहेत. रडारची चाहूल लागताच राऊटरला नियमानुसार जागा सोडावी लागते आणि प्रक्षेपण ऐन अर्पणविधीत थांबू शकते. केंद्रांची प्रक्षेपणशक्तीही 'उच्च' वर ठेवण्याचे कारण नाही. दोन मंद दिवे एका प्रखर दिव्यापेक्षा घर अधिक चांगले उजळतात. ध्वनियंत्रणेजवळचा दिवा तर मंदच हवा.

गायकवृंद आणि रुग्ण

सरावासाठी काही बारीक गोष्टी. २.४ गिगाहर्ट्झच्या माईकचा रिसीव्हर गायकांच्या समोर, नजरेच्या टप्प्यात असावा. कमरेला लावलेला ट्रान्समीटर पाठीमागे गेला की गायकाचे शरीरच लहरी अडवते. लॅपटॉपला यूएसबी ३ ची हार्ड डिस्क जोडली असेल, तर तिच्या शेजारी माईकचा रिसीव्हर लावू नये. त्या जोडणीतून २.४ च्या आसपास गोंगाट बाहेर पडतो आणि निष्पाप वायफायला बोल लागतो. कीबोर्डसाठी ब्लूटूथ स्पीकर वापरण्याची हौस अलीकडे वाढली आहे. ब्लूटूथमध्ये आवाज पोहोचण्यास बहुधा सेकंदाचा दहावा ते पाचवा भाग उशीर होतो. त्यावर गायकवृंदाने ताल धरणे जवळपास अशक्य. तेथे तार हवीच. आणि ज्या गायकाला जागेवरून हलायचे नसते, त्याला कॉर्डलेस माईक कशासाठी, हा प्रश्न आम्हांला नेहमी पडतो. तारेचा माईक स्वस्त, टिकाऊ आणि वायफायला न जुमानणारा असतो.

रुग्णाच्या खोलीत केंद्र उशाशी न ठेवता समोरच्या भिंतीवर उंच ठेवावे, विशेषतः श्रवणयंत्र ब्लूटूथने फोनला जोडलेले असल्यास. फोन त्यांच्या जवळ, पलंगावर असावा. ऐकू कमी येणाऱ्या व्यक्तीला तुटक आवाज हा मुळीच आवाज न येण्यापेक्षा अधिक थकवतो. राऊटर व दुसरे केंद्र या दोहोंना छोटा यूपीएस जोडल्यास वीज गेल्यावरही मिस्सा अर्धवट राहत नाही.

असिसीची संत क्लारा आजारपणामुळे नाताळच्या रात्री चर्चमध्ये जाऊ शकली नाही, तेव्हा आपल्या खोलीतूनच तिला तो उपासनाविधी दिसला व ऐकू आला अशी परंपरा आहे. याच कारणास्तव पोप बारावे पायस यांनी तिला दूरचित्रवाणीची आश्रयदाती संत घोषित केले. मात्र पडद्यावरील सहभाग प्रत्यक्ष संस्काराची जागा घेऊ शकत नाही, हे सामाजिक संपर्कमाध्यमांविषयीच्या व्हॅटिकनच्या परिषदेने २००२ सालच्या इंटरनेटविषयक दस्तऐवजात स्पष्ट केले आहे. म्हणून घरात रुग्ण असल्याची सूचना धर्मग्राम कार्यालयात जरूर द्यावी, म्हणजे पवित्र कम्युनियन घरी आणण्याची व्यवस्था होऊ शकेल. चालते-फिरते असणाऱ्यांनी मात्र मागच्या खोलीतील या नव्या सोयीचा लाभ रविवारी सकाळी घेऊ नये.

सर्व जोडणी पूर्ण झाली की एका रविवारी मिस्सेच्या वेळी प्रक्षेपण आणि शनिवारी सरावाच्या वेळी माईक, अशी दोन्ही वेळा परीक्षा घ्यावी. रिकाम्या घरात दुपारी केलेली चाचणी फसवी असते. नंतर कोणते केंद्र कोठे आहे, त्याचे चॅनेल कोणते, पत्ता व परवलीचा शब्द काय, हे एका कागदावर मराठीत लिहून कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूस चिकटवावे. जोडणी करून देणारा मुलगा सुटी संपवून बोटीवर परतला, तरी घरच्यांना ती चालवता आली पाहिजे.